पगार, वतन आणि दरखदार: मराठा राज्याच्या रचनेची गोष्ट



मागच्या काही भागांत आपण लढाया पाहिल्या. आज लढाई कमी आणि कारभार जास्त. कुणाला पगार कोण देत होतं, हिशेब कोण तपासत होतं, आणि ही व्यवस्था दीडशे वर्षांत कशी बदलत गेली, याची ही गोष्ट आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. कारण ही गोष्ट माझ्या घरातल्या एका भिंतीपाशी सुरू होते.

मी इंदूरचा. आमचं घराणं सात-आठ पिढ्यांपूर्वी पुण्याकडून माळव्यात आलं. देवघराशेजारच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना मोडी कागद लावलेला असायचा. दसऱ्याला वडील त्याला गंध-फूल वाहायचे, शेजारी दौत-लेखणी ठेवायचे आणि आम्हा भावंडांना सांगायचे, "ही आपली सनद. आपल्या घराण्याला फडणिशी पिढ्यानपिढ्या दिली आहे." घरात मोडी कुणालाच वाचता येत नव्हती. पण अभिमान होता, आणि अभिमानाला वाचता यावं लागत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकलो आणि एक दिवस ती चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा काढला तर सनदेच्या मागे घडी घातलेला आणखी एक कागद निघाला, सनदेपेक्षा सदतीस वर्षं जुना. दोन्ही वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. ते कळायला आधी सगळ्या राज्याची बांधणी कळायला हवी.

पगाराची माणसं

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांची नावं आपण शाळेत पाठ केली. पेशवे मोरोपंत पिंगळे, सेनापती हंबीरराव मोहिते, सचिव अण्णाजी दत्तो वगैरे. जुनी फारसी नावं जाऊन संस्कृत नावं आली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, हेही आपल्याला माहीत असतं. पण या आठ माणसांचं पोट कशावर चालत होतं, हे शाळेत कुणी विचारत नाही.

ते चालत होतं पगारावर. पेशव्याला वर्षाला पंधरा हजार होन, अमात्याला बारा हजार, बाकीच्यांना दहा-दहा हजार. पगार रोख, नाहीतर सरकारी खजिन्यावरची वरात. गाव तोडून देणं नाही, आणि बापाचं पद मुलाला आपोआप मिळणंही नाही. सरनौबतीचं उदाहरण घ्या. नेताजी पालकर, मग प्रतापराव गुजर, मग हंबीरराव मोहिते. एकाच कामावर लागोपाठ तीन वेगळ्या घराण्यांतली माणसं.

सैन्यातही तसंच. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि सगळ्यांवर सरनौबत. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीला निघायची, पावसाळ्याआधी छावणीला परत यायची, आणि आणलेल्या लुटीचा हिशेब सरकारात व्हायचा.

मला सगळ्यात आवडते ती गडाची रचना. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ती दिली आहे. प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सरनौबत, एक सबनीस, आणि कोठीसाठी कारखानीस. किल्ल्या-दरवाजे हवालदाराकडे, पहाऱ्याचे लोक सरनौबताकडे, हजेरी-हिशेब सबनिसाकडे, धान्य-दारूगोळा कारखानिसाकडे. माणसंही शक्यतो वेगवेगळ्या जातींतली नेमायची. एकट्याने फितूर होऊन गड देता येऊ नये, हा त्यातला हेतू. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. एक किल्ली आणून तिजोरी उघडत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा हा नियम मला परदेशातून आलेला वाटला होता.

महाराजांनी जुन्या देशमुख-देशपांड्यांची वतनं सरसकट काढून घेतली नाहीत. त्यांचे हक्क बांधून दिले, त्यांच्या गढ्या-कोट पाडले, आणि वसुलीचा मुख्य धागा सरकारी कारकुनाच्या हातात ठेवला. मुलूख तोडून का द्यायचा नाही, याचं सभासदाने दिलेलं कारण साधं आहे. मुलूख हातात गेला की माणूस बळावतो, आणि मग हुकूम मानीत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. १६८० साली मोरोपंत वारले, आणि पेशवेपद त्यांचे चिरंजीव निळोपंत यांच्याकडे आलं. म्हणजे पदाने घरातच राहावं ही ओढ पहिल्यापासून होतीच. महाराजांच्या हयातीत ती दाबून ठेवलेली होती, एवढंच.

डोकं गेलं, तिजोरी गेली

मग १६८९ साल आलं. ११ मार्चला संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज आधीच रायगडावरून निसटले होते. ते आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला पोचले. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन जवळपास सगळे अधिकार सोपवले गेले.

आता विचार करा. राजा शेकडो मैल लांब, राजधानी नाही, खजिना नाही. समोर औरंगजेब, आणि त्याच्याकडे द्यायला मनसबी आणि जहागिऱ्या भरपूर. एखाद्या देशमुखाने इमान राखायचं म्हटलं तरी त्याच्या शंभर-दोनशे स्वारांना चंदी आणि भाकरी कुठून येणार? 'दरमहा पगार घ्या आणि लढा' असं म्हणायला पगाराची सोयच उरली नव्हती.

मग तोड निघाली. तुम्ही तुमचं पथक उभं करा, मोगलांकडून मुलूख सोडवा, त्याचा वसूल पथकाच्या खर्चासाठी ठेवा. याला सरंजाम म्हणायचं. बक्षीस म्हणून वतनं, इनामंही द्यायची. १६९१ सालचं राजाराम महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात हणमंतराव घोरपडे यांना टप्प्याटप्प्याने रक्कम तोडून देण्याचं वचन आहे. रायगड प्रांत घेतला की इतकी, विजापूर घेतलं की इतकी, आणि थेट दिल्ली घेतल्यावर इतकी. हातात फुटकी कवडी नसताना दिल्लीच्या वसुलातला वाटा लिहून द्यायचा, हे धाडसच आहे. पण त्यातला दुसरा अर्थही बघा. न जिंकलेल्या मुलखावर पगार लिहून दिला जात होता.

याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण ही तोड लागू पडली. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या फौजा याच व्यवस्थेवर लढल्या. औरंगजेबाने एक गड घेतला की दुसरीकडे नवं पथक उभं राहायचं. कापायला एकच डोकं नव्हतं, लुटायला एकच तिजोरी नव्हती. राजाराम महाराज १७०० साली गेले, पुढे ताराराणींनी लढा चालवला, आणि १७०७ साली औरंगजेब अहमदनगरच्या छावणीत वारला. पगारी फौज असती तर पगार थांबला त्या दिवशी ती विरली असती. सरंजामाने राज्य वाचवलं.

अडचण पुढेच होती. संकटातली सोय संकटापुरती असेल, तर संपण्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी लागते. या सनदांत तशी तारीख नव्हती. उलट 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असे शब्द शिरू लागले होते.

हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं, ते होते स्वतः रामचंद्रपंत. संकटाच्या काळात कारभार त्यांच्याच हातात होता. त्यांच्या नावावर असलेल्या, १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात वतनदारांवर एक आख्खं प्रकरण आहे. सार असं, की वतनदार म्हणजे राज्यातले छोटे छोटे राजेच. बळ मिळालं की ते शेजाऱ्याला बुडवतात, परचक्र आलं की आपलं वतन राखायला आधी जाऊन शत्रूला भेटतात. त्यांना मोकळं सोडू नये आणि तोडूनही टाकू नये. चाकरांना नवी वतनं देऊ नयेत, कारण दिलेलं परत येत नाही आणि राज्य तेवढं कमी होतं. आणीबाणीचा कारभार ज्याने केला, त्याचा हा अनुभव आहे. पुस्तकी उपदेश असता तर मी इतक्या आदराने वाचला नसता.

परत का फिरता आलं नाही

औरंगजेब गेल्यावर मोगलांनी शाहू महाराजांना सोडलं. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडजवळ त्यांची ताराराणींच्या फौजेशी गाठ पडली. धनाजी जाधव ऐनवेळी शाहूंकडे आले म्हणून पारडं फिरलं. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. पण ताराराणींचा दावा संपला नव्हता. एका राज्याचे दोन धनी झाले होते, आणि कुणाकडे जायचं हे सरदार ठरवत होते.

अशा वेळी कोण म्हणणार, 'बाबांनो, संकट टळलं, सरंजाम परत करा, उद्यापासून पगार घ्या'? ज्याला म्हणाल तो दुसऱ्या गादीकडे जाईल, नाहीतर मोगलांकडे. ही नुसती कल्पना नाही. धनाजींचे चिरंजीव सेनापती चंद्रसेन जाधव याच सुमाराला रुसले, आधी ताराराणींकडे गेले आणि पुढे निजामाकडे. १७१३ साली पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केलं. अष्टप्रधानांतला पहिला प्रधान राज्यातल्याच एका सरदाराच्या कैदेत पडला.

हा गुंता सोडवायला पुढे आले बाळाजी विश्वनाथ. १७१३ च्या अखेरीला ते पेशवे झाले आणि कान्होजींशी समेट करून आले. कान्होजींनी शाहूंना धनी मानलं. गड, आरमार आणि सरखेल हा किताब कान्होजींकडेच राहिला. इथून पुढे राज्याचा खाक्या असाच झाला. सत्ता परत घ्यायची नाही, तिला धन्याच्या नावाने बांधून घ्यायचं.

शंभर रुपयांची वाटणी

बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि १७१९ साली तीन सनदा घेऊन आले. स्वराज्याची, दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. सरदेशमुखी राजाची स्वतःची. खरी कसोटी होती चौथाईच्या वाटणीत.

समजा चौथाईचे शंभर रुपये आले. त्यातले पंचवीस 'राजबाबती' म्हणून राजाचे. सहा 'साहोत्रा' म्हणून पंत सचिवांचे. तीन 'नाडगौंडा' म्हणून राजा ज्याला देईल त्याचे. उरलेले सहासष्ट 'ऐन मोकासा', म्हणजे फौज ठेवणाऱ्या सरदारांचे. शिवाय एकाच मुलखात अनेकांचे हिस्से मुद्दाम गुंतवून ठेवले. एका सरदाराच्या टापूत दुसऱ्याचं गाव, तिथे राजबाबतीचा वेगळा कारकून, सचिवाचा वेगळा. कुणालाही एक सलग, स्वतःपुरता मुलूख मिळू नये आणि फुटून निघणाऱ्याला शेजाऱ्याशी भांडण पत्करावं लागावं, अशी ही गाठ होती.

मी आयुष्यभर खातेवह्या तपासल्या. त्या नजरेने पाहिलं तर या वाटणीला दाद द्यावीच लागते. तलवारीने जे बांधता येत नव्हतं ते हिशेबाने बांधलं. पण त्याच वाटणीत सहासष्ट आणि पंचवीस हे आकडेही आहेत. फौज ज्याची, त्याच्याकडे राजाच्या अडीचपटींहून अधिक.

या वाटणीचा दुसरा परिणाम तुमच्या-माझ्या घरांपर्यंत येतो. जुन्या मुलखात हिस्से ठरून गेले होते. ज्याला वाढायचं, त्याने नवा मुलूख गाठायचा. गुजरात, माळवा, बुंदेलखंड, वऱ्हाड-नागपूर. बाजीराव १७२० साली पेशवे झाले आणि त्या वाटेला वेग आला. बडोद्याचे गायकवाड, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे, धार-देवासचे पवार, नागपूरचे भोसले ही नावं त्या वाटेवरचीच. आज इंदुरात, बडोद्यात, ग्वाल्हेरीत पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी घरं आहेत, त्यांतल्या अनेकांचं मूळ त्या सहासष्ट रुपयांत आहे.

आणि किंमत? १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईला लढाई झाली. एका बाजूला पेशवे बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे. दोघेही एकाच राजाचे प्रधान. सेनापती रणात पडले. शाहू महाराजांनी सेनापतीपद त्यांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना दिलं, ते तेव्हा अल्पवयीन होते. कारभार मातोश्री उमाबाईंनी पाहिला. उमाबाई कर्तबगार होत्या यात शंका नाही. पण सेनापतीची निवड पराक्रमावरून होते हा नियम तोवर मागे पडला होता. पद घराण्याचं झालं होतं.

दरखदार

मग हे राज्य पुढे सत्तर वर्षं चाललं कसं? इथे आपल्या गोष्टीतला तिसरा माणूस येतो. तो दरखदार.

सरदाराला फौजेसाठी मुलूख दिला. ठीक. पण तो कबूल केलेले दोन हजार स्वार ठेवतो की बाराशे? वसूल किती, खर्च किती, सरकारचा हिस्सा किती? हे पाहायला हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून, माणसं नेमली जायची. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस वगैरे. हे दरखदार सरदाराच्या पथकात राहायचे, त्याच्याच छावणीत जेवायचे, पण नेमणूक हुजूरची. सरदाराला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांच्या सहीशिवाय हिशेब पुरा होत नसे. परगण्यांतही तेच. मामलेदार पेशव्यांचा माणूस, पण त्याच्या शेजारी बसणारे दरखदार त्याच्या हाताखालचे नव्हेत. महाराजांच्या गडावरची किल्ल्यांची युक्तीच इथे दुसऱ्या रूपात आली होती.

हे सगळे हिशेब पुण्यात हुजूर दफ्तरात यायचे. नाना फडणिसांच्या काळात तिथली शिस्त नावाजलेली होती. रोजकीर्द, खतावणी, तर्जुमे, एकेका महालाचा वर्षावर्षांचा ताळेबंद. त्यातलं जे उरलं ते आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. बडोद्याच्या दरबारात ज्यांची नोकरी झाली त्या रियासतकार सरदेसायांनी त्यातून पंचेचाळीस खंड निवडून १९३० ते १९३४ या काळात छापले. मी ते रुमाल पहिल्यांदा पाहिले तेव्हा हात लावायलाही भीती वाटली. एका साम्राज्याचा ताबा त्या कागदांवर होता.

थोरल्या माधवरावांसारखा पेशवा वर असेल, रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश शेजारी असेल, तोवर दरखदाराच्या कागदाला वजन होतं. कारण तो कागद वाचला जायचा आणि त्यावर जाबही विचारला जायचा.

पण दरखदारही माणूसच. त्याची बायकामुलं छावणीच्या गावी आलेली. पुणं लांब. मुलाची मुंज सरदाराच्या वाड्यात. सरदाराने बक्षीस म्हणून चार बिघे जमीन दिली तर नको कसं म्हणायचं? हळूहळू दरखही वंशपरंपरेचे झाले. बाप फडणीस म्हणून मुलगा फडणीस. ज्याने सरंजामावर नजर ठेवायची, त्याचंच वतन झालं.

१७९५ साली सवाई माधवराव गेले, १८०० साली नाना. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मामलती सरळ इजाऱ्याने, सर्वांत जास्त बोली करणाऱ्याला दिल्या जाऊ लागल्या. मग हिशेब कशाला तपासायचा? ठरलेली रक्कम मिळाली की झालं. रयतेकडून किती काढली, ते बोली करणारा जाणे.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवे पळाले, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून त्यांनी इंग्रजांची फौज पदरी घेतली. तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. त्याच वर्षी गायकवाडांनीही इंग्रजांशी वेगळा करार केला होता. १८०३ साली शिंदे आणि भोसले लढले, होळकर थांबले. १८०४ साली होळकर लढले, तेव्हा बाकीच्यांचे तह होऊन गेले होते. हे लोक शूर नव्हते असं कुणी म्हणणार नाही. लढण्याची वेळ ठरवणारं एक ठिकाण उरलं नव्हतं.

समोरच्या बाजूला काय होतं? कंपनीची माणसं साधुसंत नव्हती. बंगालमध्ये त्यांनी खासगी व्यापाराच्या नावाखाली जी लूट केली ती जगजाहीर आहे. पण १७८६ नंतर कॉर्नवॉलिसने वसुली अधिकाऱ्यांचे पगार वाढवले आणि खासगी व्यापार बंद केला. कलेक्टरची बदली व्हायची, आणि १८०५ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीलाही परत बोलावून घेतलं गेलं. पगार, बदली, परत बोलावण्याचा अधिकार. रायगडावर १६७४ साली हेच होतं. आपण ते सोडत गेलो, त्याच काळात त्यांनी ते कमावलं.

चौकटीमागचा कागद

आता माझ्या घरातले ते दोन कागद.

जुना, लपलेला कागद हुजूरचा. आमच्या मूळ पुरुषाला माळव्यातल्या एका सरदाराच्या पथकाकडे फडणीस म्हणून जाण्याची आज्ञा. सालिना तैनात ठरलेली, हिशेब दरवर्षी हुजूर आणून समजवावा अशी ताकीद. जमीन नाही, वंशपरंपरा नाही. एका पगारी माणसाला दिलेला नेमणुकीचा हुकूम.

दुसरा, ज्याला आम्ही गंध लावत होतो, तो सदतीस वर्षांनंतरचा. त्याच फडणिसाच्या मुलाच्या नावे. फडणिशी वंशपरंपरेने, आणि एक गाव इनाम. देणारा कोण? तोच सरदार, ज्याचा हिशेब आम्ही तपासायचा होता. कारण काय लिहिलंय? 'एकनिष्ठेने सेवा केली.' कुणाशी एकनिष्ठ, हे त्या कागदावर स्पष्ट आहे.

वडील असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं का, ठाऊक नाही. पण त्या पूर्वजाला दोष द्यायला मी कोण? माझी नोकरी तपासनिसाची. एका मंडलात तीन वर्षांनी बदली व्हायची. मुलांच्या शाळेसाठी, पत्नीच्या नोकरीसाठी मी अर्ज करत राहिलो आणि आठ वर्षं तिथेच राहिलो. एका शाखेचा व्यवस्थापक घरोब्याचा झाला. दिवाळीचा फराळ, मुलीच्या लग्नात धावपळ, सगळं. त्या वर्षी तारण ठेवलेल्या सोन्याच्या पाकिटांची मोजणी मी केली नाही. रजिस्टर बघितलं, चहा घेतला, सही केली. पुढच्या तपासनिसाला बावीस पाकिटं कमी मिळाली. त्या माणसाची नोकरी गेली. मला लेखी समज मिळाली, आणि माझ्या मते ती कमी होती. ज्यांचे दागिने होते त्यांतल्या एक बाई शाखेत माझ्यासमोर रडत बसल्या होत्या. लाच मी घेतली नव्हती. सदतीस वर्षांत जे त्या घराण्याचं झालं, ते माझं आठ वर्षांत झालं.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी महाराजांच्या व्यवस्थेचे गुण मांडले, आणि पुढच्यांनी ती मोडल्याने काय झालं तेही. मी त्यात तपासनिसाच्या अनुभवाने एवढीच भर घालीन. व्यवस्था कुणी एका दिवशी मोडली नाही. १६८९ ला मोडली ती राज्य वाचवायला. १७०८ ला दुरुस्त झाली नाही ती गादी टिकवायला. १७१९ ला जी गाठ बांधली ती त्या परिस्थितीत बरीच चांगली होती. प्रत्येक पायरीवर कारण होतं आणि ते खरं होतं. कमी होतं ते एवढंच, की दिलेलं परत कधी घ्यायचं हे देताना कुणी लिहिलं नाही, आणि तपासणाऱ्याला वेळेवर हलवलं नाही.

तुम्ही एखादी पतसंस्था चालवत असाल, महाराष्ट्र मंडळ चालवत असाल, घरचा कारखाना तिसऱ्या पिढीकडे देत असाल, तर तक्ता काढून कोण कुणाच्या वर हे बघू नका. तीन गोष्टी बघा. माणसाला पैसे कुठून मिळतात? दिलेलं काम परत घेता येतं का? आणि हिशेब तपासणारा कुणाच्या घरी जेवतो?

आमच्या भिंतीवर आता दोन चौकटी आहेत. तैनातीचा कागद आधी, सनद नंतर. मागच्या दसऱ्याला नातीने विचारलं, "आजोबा, फूल कुठल्यावर ठेवू?" मी म्हटलं, पहिल्यावर. तिने का म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला शेजारी बसवलं आणि आत्ता तुम्हाला सांगितली ती सगळी गोष्ट सांगितली. सोन्याच्या पाकिटांचीसुद्धा.

पुढच्या भागात आपण हुजूर दफ्तरातला एक दिवस पाहू. सकाळी पुण्यात आलेला जासूद, त्याच्या थैलीतला एक कागद, आणि संध्याकाळपर्यंत तो किती हातांतून जातो ते. तोवर रजा घेतो. नमस्कार.